पान अकरा

शिरड शहापुरात अमृतराव गुरुजींच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. गुरुजींचा त्या पेटीवर जितका जीव तितका पोटच्या लेकीवर तरी आहे का, अशी गल्लीतले लोक थट्टा करत. पेटीत सोनंनाणं नव्हतं, नुसते कागद होते. त्यात मानाची जागा गुरुजींच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्याला. निजामाच्या काळातला, उर्दूतला, घडीवर फाटलेला. लेकीच्या जातपडताळणीच्या वेळी साहेबांनी अलीकडचे सगळे कागद बाजूला सारले होते आणि हा पिवळा दाखला पुढं येताच काम झालं होतं. तेव्हापासून गुरुजींचा सिद्धांत ठरला, कागद जितका जुना तितकं काम पक्कं. मग रहिवासी दाखला असो की घरकुलाचा अर्ज, कुणाच्याही कागदाला मागचे चार जुने कागद जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

या सिद्धांतानं आयुष्यभरात कित्येकांचं भलं केलं. वाटोळं केलं ते एकाचंच, आणि तो एक नेमका त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी निघाला.

गुरुजींची लेक म्हणजे करुणा. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर झाली आणि २००३ च्या सुरुवातीला मुंबईच्या पेटंट कार्यालयात परीक्षक म्हणून निवडली गेली. पेटंट म्हणजे काय हे गल्लीला समजावताना गुरुजींच्या घशाला कोरड पडली. कुणी नवी वस्तू शोधून काढली, की काही वर्षं तिच्यावर त्याचाच हक्क, असा सरकारी कागद म्हणजे पेटंट. आणि ती वस्तू खरंच नवी आहे का, आधी कुठं कुणी केली किंवा छापली नाही ना, हे तपासणार आपली करुणा. गल्लीनं त्यातून एवढंच घेतलं, की पोरगी मुंबईत साहेब झाली. तेही काही खोटं नव्हतं.

त्या वर्षीच्या चौदा एप्रिलला, जयंतीच्या स्मरणिकेत, दहाव्या पानावर करुणाचा फोटो छापून आला, अभिनंदनाच्या चार ओळींसह. आणि त्याच्या समोर, अकराव्या पानावर, रविंद्रचा लेख सुरू होत होता.

गुरुजींचा तो लाडका विद्यार्थी रविंद्र हा शेजारच्या सोजराबाईचा मुलगा, करुणाहून दोन वर्षांनी मोठा. ती त्याला रवीभाऊ म्हणायची. करुणाच्या इंजिनीअरिंगचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी वसमतच्या पुढं एसटी बंद पडली, तेव्हा हाच पठ्ठ्या तिचा अर्ज शर्टाच्या आत घालून हळदीच्या पोत्यांच्या ट्रकवर बसून नांदेडला पोचला होता. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं राहिली असताना अर्ज आत गेला. करुणाचं पुढचं सगळं आयुष्य त्या दहा मिनिटांवर उभं राहिलं आणि हे ती कधी विसरली नव्हती. विसरली असती तर पुढचं सोपं गेलं असतं.

रविंद्रचं स्वतःचं मात्र धड झालं नाही. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला त्याच्या पुढच्या वर्षी तो वसमतच्या एका वसतिगृहात कॉम्प्युटरवर नोंदी करायला लागला. एका दुपारी प्रवेशाच्या यादीतली चार मुलांची नावं गळाली आणि दुसरी चार आत आली. कुणी केलं, कधी केलं, कॉम्प्युटर काही सांगेना. पासवर्ड तिघांना माहीत होता, पण तिघांत पाठीशी कुणी नसलेला एकटा रविंद्र. आळ त्याच्यावर आला आणि नोकरी गेली. आळाचं असं असतं, तो सिद्ध व्हावा लागत नाही, नुसता चिकटला तरी पुरतो. सोजराबाई बाजारात दिसली की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. शेवटी तिनं वसमतच्या बाजाराला जायचंच सोडलं.

मग रविंद्रनं अडीच वर्षं खपून एक डबी बनवली. दोन हातांचं कुलूप, असं तो तिला म्हणायचा. डबी कॉम्प्युटरच्या मागं लावायची. आतल्या नोंदी उघडायच्या तर दोघांनी आपापलं कार्ड एकाच वेळी लावायचं, एकट्यादुकट्याचं काम नाही. इथवर काही नवल नव्हतं. खरी करामत पुढं होती. कुणी आणि कधी उघडलं ते डबीच्या आत लिहिलं जाई, आणि ती नोंदच पुढच्या वेळच्या किल्लीचा एक भाग होई. मागची नोंद कुणी पुसली, की कुलूप परत उघडायचंच नाही. त्या दुपारी अशी डबी असती, तर आपल्यावर आळ आला नसता, एवढ्या एका दुखण्यातून त्यानं ती घडवली होती.

स्मरणिकेसाठी त्यानं अर्ध्या पानाचा लेख दिला, तर संपादक गुरुजींनी तो परत केला. "ज्ञान लपवायचं न्हाई, रवी. आपल्या आज्यापंज्यांपासून लोकांनी तेच केलं. आपण तसं करायचं न्हाई. सातवीच्या लेकराला वाचून बनवता आलं पाहिजे." गुरुजींचा शब्द रविंद्र खाली पडू देत नसे. त्यानं तीन पानं लिहिली, तारा कुठून कुठं जातात त्याची आकृती काढून दिली, किल्ली कशी बदलते ते पायरीपायरीनं मांडलं. प्रुफं तपासली करुणानं. ती अजून नोकरीवर रुजू व्हायची होती. कायद्याचं ओ की ठो तिला माहीत नव्हतं. पाचशे प्रती निघाल्या आणि शिरड, औंढा, वसमत अशा वाटल्या गेल्या.

रविंद्रनं पेटंटसाठी अर्ज केला तो नंतर, नोव्हेंबरात. नांदेडच्या वाचनालयात बसून, नियम वाचून, वकील न लावता. आधी छापलेली गोष्ट नवी धरत नाहीत, हे त्यानंही वाचलं होतं. पण छापणं म्हणजे विलायती मासिकात, अशी त्याची समजूत. जयंतीच्या स्मरणिकेला कोण छापणं म्हणतं? पुण्याच्या एका कंपनीनं पेटंट मिळालं तर डबी घेऊ, असं कळवलं होतं. सोजराबाईला मात्र त्या कंपनीशी देणंघेणं नव्हतं. तिला सरकारी शिक्क्याचा कागद हवा होता. तो हातात घेऊन ती वसमतचा बाजार एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणार होती.

फाइल तपासणीला निघाली २००६ च्या फेब्रुवारीत, आणि आली ती करुणाच्याच टेबलावर. अर्जदाराचं नाव आणि गाव वाचून आधी तिला आनंद झाला. मग अर्जाची तारीख दिसली आणि तिनं ती बोट ठेवून परत वाचली. एव्हाना ती कायदा कोळून प्यायली होती. अर्जाच्या आधी, कुठंही, कोणत्याही भाषेत, स्वतः अर्जदारानं जरी छापलं, तरी वस्तू जुनी झाली. जगातल्या कुठल्याही शोधयादीत शिरड शहापूरची स्मरणिका सापडणार नव्हती. ती सापडू शकत होती फक्त करुणाला.

ती वरिष्ठांकडे गेली आणि म्हणाली, अर्जदार माझ्या गावचा, ओळखीचा आहे, फाइल दुसऱ्याला द्या. त्यांनी ती शेजारच्या टेबलावरच्या नागपूरच्या सहकाऱ्याला दिली आणि करुणाचं कौतुक केलं. एवढं सांगून ती थांबली. स्मरणिकेचं नाव तिनं काढलं नाही. रवीभाऊंनी तिचा अर्ज खिडकीत टाकला होता, त्यांचा अर्ज आपल्या हातानं बुडवायचा, हे तिच्यानं झालं नाही. आणि त्यांना सावध करावं, तर फाइलीबद्दल अर्जदाराशी बोलायचं नाही हा नियम. नियमाहून मोठी भीती वेगळीच होती. राखीव जागेवरून आलेली बाई, ती आपल्या माणसाला आतून सांगणारच, हे वाक्य काहींच्या जिभेवर तयारच असतं. ते वाक्य खरं करणारी मी नसेन, अशी गाठ तिनं पहिल्याच दिवशी मारली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. न बोलता बसणं तेवढं हातात होतं, आणि तिनं तेच केलं.

कार्यालयाचं पत्र रविंद्रला गेलं. दोन किल्ल्यांची एक विलायती पेटी आधीच आहे, तुमचं त्याहून वेगळं काय, असं त्यात विचारलं होतं. उत्तर सोपं होतं. पुसलेल्या नोंदीवर बंद होणारं कुलूप त्या पेटीत नव्हतंच. एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

बुद्धपौर्णिमेला करुणा चार दिवस गावी आली. विहारातून परतली तर ओसरीवर रविंद्र आणि गुरुजी कागद पसरून बसलेले. रविंद्रनं उत्तर मोठं नेटकं लिहिलं होतं. तिनं लांबूनच नजर टाकली आणि तिला बरं वाटलं. तेवढ्यात गुरुजी उठले आणि पेटीतून स्मरणिका घेऊन आले.

हे जोडायचं, ते म्हणाले. विलायतचा कुणी म्हणत असंल माझी पेटी आधीची, तर आपल्याकडं बी तारखेचा कागद आहे. तीन वर्षं जुना. चौदा एप्रिल, दोन हजार तीन, छापील. त्यांचा चेहरा उजळला होता. उर्दू दाखला साहेबापुढं ठेवताना असाच उजळला होता, हे करुणाला आठवलं.

"दादा, एवढे कागद कशाला?" ती बापाला म्हणाली. "मागितलंय तेवढंच द्यावं."

कागद जास्त झाल्यानं कुणाचं काम अडल्याचं आपण तरी ऐकलं नाही, असं गुरुजी म्हणाले. तिच्या नोकरीच्या वेळी काय मागितलं होतं आणि काय कामाला आलं, हेही त्यांनी तिला ऐकवलं. रविंद्रनं तिच्याकडं पाहिलं.

"करुणा, जोडू का नको?"

असा सरळ प्रश्न. उत्तर एका शब्दाचं होतं. ते तिच्या ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

"मला त्या फाइलीबद्दल बोलता येत न्हाई, रवीभाऊ."

रविंद्र हसला. "बराबर हाय," तो म्हणाला. "एकट्यानं उघडू नये म्हणून कुलूप मीच बनवलं, अन् तुला एकटीला उघडाय लावू का?"

गुरुजींनी उत्तर आणि स्मरणिका पाकिटात घातली, डिंक लावला आणि पाकीट करुणापुढं सरकवलं. पत्ता तू लिही, म्हणाले, तुझं इंग्रजी अक्षर मोत्यासारखं आहे, शिवाय कचेरीही तुझीच. करुणानं पेन घेतलं. पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या ओळीला तिचा हात थांबला. मग तिनं पत्ता पुरा केला, पिनकोडसकट, खाडाखोड न करता. पाकीट घेऊन रविंद्र पोस्टाकडं गेला आणि ती आत जाऊन चुलीपुढं उगीच बसून राहिली. तिला स्वतःची किळस आली होती.

जूनमध्ये ते पाकीट शेजारच्या टेबलावर उघडलं गेलं. सहकाऱ्यानं स्मरणिका चाळली, आणि एकदम हसला. ह्या भल्या माणसानं स्वतःच्या पायावर स्वतःच कुऱ्हाड मारून घेतलीय, तीही रजिस्टर पोस्टानं, असं तो म्हणाला. पानं उलटता उलटता तो दहाव्या पानावर आला आणि थांबला. त्यानं फोटो पाहिला, मग करुणाकडं पाहिलं. त्याचं हसू गेलं. त्यानं पान हळूच उलटलं, आणि त्या दिवसापासून तो करुणाशी जास्तच अदबीनं वागायला लागला. पुढं वरिष्ठांनीही तिला बोलावून सांगितलं, की ओळखीच्या माणसालाही आतून काही न सांगण्याची अशी सचोटी हल्ली दिसत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिनं मान खाली घालून आभार मानले.

नियमाप्रमाणं रविंद्रला सुनावणीची तारीख दिली गेली. त्या दिवशी करुणा सकाळपासून जिन्याच्या तोंडाशी येरझाऱ्या घालत होती. तो आला नाही. २००७ च्या फेब्रुवारीत अर्ज नामंजूर झाला. कारण एकच दाखवलं होतं, स्मरणिका, पानं अकरा ते तेरा.

एप्रिलमध्ये ती गावी आली तेव्हा जयंती आठ दिवसांवर होती आणि गुरुजींनी स्मरणिकेचं काम अंगावर घेतलेलं नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच. हायस्कूलच्या मास्तरांनी त्यांना पत्राचा अर्थ समजावून सांगितला होता. त्यांची दाढी वाढली होती, आणि पेटीवर कपड्यांचं गाठोडं ठेवलेलं होतं. शेजारी सोजराबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. करुणाला पाहून तिनं नेहमीसारखं जेवायला बोलावलं, पेटंटबद्दल चकार शब्द काढला नाही. वसमतच्या बाजाराला ती अजूनही जात नव्हती.

करुणा दुसऱ्या दिवशी वसमतला गेली. रविंद्र आता स्टँडजवळच्या एका दुकानात मोबाइल दुरुस्त करत होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं तिला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला. तिनं वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. ती बोलायला लागली, की मला त्या दिवशी माहीत होतं, रवीभाऊ.

"मला बी माहीत व्हतं," रविंद्र म्हणाला.

तिला कळेना.

"पत्ता लिहिताना तुझा हात थांबला. लहानपणापासून तुझं अक्षर बघून राहिलो मी. पत्ता लिहिताना तू कशाला थांबशील? पोस्टाच्या ओट्यावर बसलो, अन् नियम आठवून बघितले. मंग कळलं. स्मरणिका काढून घ्यायची म्हणली असती तर डिंक अजून वाळला बी नव्हता."

"मंग काहून टाकलंत?"

रविंद्रनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "ते छापलेलं व्हतं ना, करुणा. पाचशे घरांत हाय ते. मागची नोंद लपवूनच दार उघडायचं असतं, तर अडीच वर्षं ती डबी काहून करत बसलो असतो मी?"

करुणाला वाटलं, त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तोंडाला पदर लावला. ती गप्प बसली होती ती नोकरीसाठी, नावासाठी, लोक काय म्हणतील या भीतीपोटी. यानं सगळं गमावलं ते खऱ्यासाठी, आणि वर तिला चहा पाजत होता.

"एक काम कर," तो म्हणाला. "तुला माहीत व्हतं, हे गुरुजींना कधी सांगू नको. स्वतःला दोष देऊन राहिलेत, ते सोसतील. तुला दोष द्यायची तकलीफ त्यांना सोसायची न्हाई."

ज्यानं स्वतःची एक नोंद लपवली नाही, तो तिला एक नोंद लपवायला सांगत होता. ती नाही म्हणू शकली नाही. त्याच्यासाठी आजवर तिनं काय केलं होतं, की एवढंही करू नये?

संध्याकाळी ती परतली तेव्हा गुरुजी ओसरीवर बसले होते. गाठोडं खाली उतरवलेलं, पेटी उघडी, आणि मांडीवर त्या स्मरणिकेची दुसरी प्रत, दहा-अकरा पान उघडलेली. एका बाजूला लेकीचा फोटो, दुसऱ्या बाजूला रविंद्रचं कुलूप. ती शेजारी बसली.

"मीच बुडवलं पोराला," ते म्हणाले. "पूरं लिही, मीच म्हणलो. जोड, ते बी मीच म्हणलो. जुना कागद तारतो, एवढंच ठाऊक आपल्याला. मारतो बी, हे कुणी शिकवलंच न्हाई."

"दादा, असं नका म्हणू."

"एक विचारू का, माय?" त्यांनी तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच्या आडून एक आशाही होती, भिऊन उभी राहिलेली. "लोकं म्हणतात, तुझी पोरगी त्याच कचेरीत, तिला ठाऊक असंलच. मी म्हणलो, न्हाई. तिला ठाऊक असतं तर ती बोलली असती. नियम असंल, बोलता येत नसंल, तरी निदान खोकली असती. तेवढ्यानं मला कळलं असतं. व्हय ना?"

करुणानं पान अकराकडं पाहिलं. मग बापाकडं पाहिलं.

"व्हय, दादा."

गुरुजींनी लांब श्वास सोडला. "तेच म्हणलो मी," ते म्हणाले. "पोरीला ठाऊकच नव्हतं." त्यांनी स्मरणिका मिटली, फडक्यात गुंडाळली आणि पेटीत ठेवली, आपल्या वडिलांच्या दाखल्याखाली.

करुणाच्या घशाशी हुंदका आला होता. बाहेर पडला तर तो खोकल्यासारखा ऐकू येईल, म्हणून तिनं तो तिथंच दाबून धरला.